कमान मुठीत धरायची नसते

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना मापनवीस म्हणत. चिटणवीस असतो तसा हा मापनवीस, असं त्यांच्या दोस्ताने, वस्तादाने, कधीतरी जेवणाच्या सुट्टीत काढलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यात आणखी एक गंमत होती. मापनखोलीची हवा बारा महिने वीस डिग्रीवर ठेवावी लागते, आणि त्या विसाचे एकवीस झाले की हे अस्वस्थ व्हायचे. म्हणून नावातला वीसही लोकांनी फुकट जाऊ दिला नाही. "मापन-वीस आले," असं मध्ये जरा थांबून म्हणायचे.

माणूस बेताच्या उंचीचा आणि अबोल. खोलीत गारवा, म्हणून अंगात कायम एक राखी स्वेटर. तो घालून भर उन्हात कंपनीच्या बसमधून उतरले की गल्लीतली पोरं टकमका बघत. घरी बायको म्हणायची, "तुम्ही आलात की दार उघडल्याउघडल्या मला शिंक येते. फ्रिज उघडल्यासारखं वाटतं." त्यावर ते हसायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर सुचेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली असायची.

कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकसाठी पिना बनत. करंगळीएवढी पोलादी पीन, आरशासारखी घासलेली. ही पीन किती जाड आहे हे मायक्रोनमध्ये मोजतात. आता मायक्रोन म्हणजे काय, तर मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक. आपल्या डोक्यावरचा केस सत्तर मायक्रोनच्या आसपास भरतो. या पिनेला सगळी मिळून मोकळीक होती बारा मायक्रोनची, म्हणजे केसाच्या सहाव्या हिश्श्याची. तेवढ्यात बसली तर पास. जाड निघाली तर पुन्हा घासता येते. पण बारीक निघाली तर थेट भंगार, कारण घासून गेलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. "वाढीला उपाय आहे, तुटीला नाही," हे मापनवीसांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा सुतकी व्हायचा.

त्यांचे दोनच नियम होते. पहिला नियम निवण्याचा. मशीनवरून आलेली पीन गरम असते, आणि गरम लोखंड फुगलेलं असतं. तशीच मोजली तर ती जाड आहे असं वाटतं. म्हणून खोलीत एक काळ्या दगडाचा ओटा होता, पाण्यासारखा सपाट. त्यावर पिना रांगेने मांडायच्या आणि गप्प बसायचं. "आधी निवू द्या," असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दारावर लावलं होतं. कुणी तावातावाने भांडायला आलं तरी ते त्या पाटीकडे बोट दाखवायचे. पीन निवायची आहे की माणूस, हे त्याचं त्याने ठरवायचं.

दुसरा नियम कमानीचा. मायक्रोमीटरला घोड्याच्या नालेसारखी एक लोखंडी कमान असते. तिच्या दोन टोकांमध्ये पीन धरायची, मागची कळ फिरवायची, तीन वेळा खट खट खट झालं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. ही कमान उघड्या हाताने धरायची नाही. तिच्यावर काळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, तिथेच दोन बोटांत धरायची. हाताची ऊब लागली की कमान फुगते, तिची टोकं एकमेकांपासून लांब जातात, आणि मग पीन असते त्याहून बारीक भरते. नव्या माणसाला शिकवताना ते म्हणायचे, "कमान मुठीत धरू नका. तो काही बायकोचा हात नाही." अबोल माणसाचा हा एकुलता एक विनोद. तोही पहिल्या दिवशी एकदाच व्हायचा. आता ज्या मॅडम तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या, त्या शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा समोर मुलगी बघून ते गडबडले आणि म्हणाले, "तो काही... आईचा हात नाही." मॅडम त्यावर हसल्या होत्या. त्या ते विसरल्या नव्हत्या.

घरचं एक सांगायला हवं. मापनवीसांना चहा फार. संध्याकाळी आले की स्वेटर काढायच्या आधी चहा. एकदा ते कपात बघून म्हणाले, "अगं, हल्ली चहा कमी देतेस का?"

"पित्त होतं तुम्हाला," बायको म्हणाली.

"मला? कधी झालं?"

"होऊ नये म्हणूनच देते ना कमी. झाल्यावर कमी देऊन काय उपयोग?"

हे त्यांना पटलं. तपासणी विभागातला माणूस, आधी काळजी घेण्याचं तत्त्व त्याला पटणारच.

हाताचं लक्षात यायला मात्र वेळ लागला. आधी कळलं कानाला. पीन ओट्यावर ठेवताना टिक असा एक आवाज यायचा, तो एक दिवस टिकटिकटिक आला. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. बोटांची टोकं हलत होती, वाऱ्यावर पान हलतं तशी, पण वारा नव्हता. चार दिवसांनी बरं होईल म्हणाले मनाशी. चार दिवसांनी बरं झालं नाही. मग त्यांना आपोआप एक उपाय सापडला. कमान जरा दाबून धरली की हात थांबतो. मग दाबून धरायची. कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि आकडाही सुरेख स्थिर यायचा.

वस्ताद पिना घासायच्या मशीनवर होता. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागलेले, एकाच पाळीत, बसमध्ये एकाच सीटवर. वस्ताद बोलका, यांना बोलायचं नसायचं, त्यामुळे जोडी छान जमली होती. वस्ताद पीन नेहमी मोकळिकीच्या खालच्या अंगाला ठेवायचा, कारण पुढे ब्रेक जुळवणाऱ्यांना ती सहज बसायची. काठावरून चालायचा, पण तोल त्याचा कधी गेला नव्हता. आणि अचानक त्याच्या पिना बारीक भरायला लागल्या. एक लॉट गेला, दुसरा गेला. तिसरा गेला तेव्हा तो तेलकट हातांनी काचेच्या दारातून आत शिरला.

"मापनवीस, माझ्याशी काही वैर आहे का तुझं?"

"आधी निवू दे."

"पीन कधीच निवली. मीच निवत नाहीये. तिसरा लॉट, अरे!"

"बारीक आहेत."

"दुसऱ्या पाळीत माझ्याच मशीनच्या पिना पास होतात. तुझ्या हाताखाली आल्या की वाळतात. तुझ्या खोलीत उपास घडतो का त्यांना?"

"दुसऱ्या पाळीतले डोळे मिटून पास करतात."

"आणि तू डोळे उघडे ठेवून नापास करतोस. खरं काय ते मधे कुठेतरी बसलं असेल, बघ जरा ओट्याखाली!"

मापनवीसांनी मायक्रोमीटर उचलला, शून्य तपासलं. शून्य बरोबर होतं. सकाळी बरोबर असायचं, संध्याकाळी बरोबर असायचं. "मी मोजतो तेवढं सांगतो," ते म्हणाले. "मनाचं काही घालत नाही."

"मनाचं घातलं नाहीस, मग कमी कुठून आलं?" वस्ताद म्हणाला आणि दार तसंच उघडं टाकून निघून गेला. खोलीचे वीसचे एकवीस झाले. त्या दिवशी बसमध्ये तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. शेजारची जागा रिकामी राहिली, आणि मापनवीसांनी तिच्यावर डबा ठेवला, कुणी बसू नये म्हणून.

मशीन तपासायला बाहेरून माणूस आला. मशीन ठणठणीत. मायक्रोमीटर तपासणीला पाठवला, तो शहाण्या मुलासारखा पास होऊन परत आला. म्हणजे मशीनही बरोबर, मापही बरोबर आणि पिना मात्र चूक. दोघांपैकी एक जण चुकत होता, आणि वरच्या साहेबांना वस्ताद चुकतोय असं वाटणं साहजिक होतं. नापास मालाच्या लाल पेटीत पिना त्याच्याच होत्या.

मॅडम एका सकाळी मापनखोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"काका, साहेबांचं ठरलंय. आणखी एक लॉट बारीक गेला तर वस्तादांना मशीनवरून काढायचं. माल चढवायच्या कामाला घालायचं."

"तिथे तो टिकणार नाही. गुडघे गेलेत त्याचे."

"म्हणून म्हणते, त्याच्याआधी आपणही आपली परीक्षा घेऊ या. आपल्या मापाची."

ही परीक्षा मापनवीसांना नवी नव्हती. त्यांनीच कितीजणांची घेतली होती. दहा पिना घ्यायच्या, त्यांचे क्रमांक झाकायचे, तीन माणसांनी तीन-तीन फेऱ्यांत त्या मोजायच्या, दर वेळी क्रम बदलून. मग संगणक हिशेब करतो आणि चूक वेगवेगळी करून दाखवतो. साधनाची किती, माणसाची किती. घाबरणाऱ्या पोरांना ते सांगायचे, "यात लाज कसली? आपण सगळ्यांना माप लावतो, एकदा आपल्याला लावून घ्यायचं."

"घ्या," ते म्हणाले. मनातून त्यांना बरंच वाटलं. एकदाचं सिद्ध होईल, वस्तादही निवेल, त्याचं मशीन पुन्हा उघडून बघतील. आपण बरोबर आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. हातात कमान स्थिर असायची आणि आकडा स्थिर यायचा. आणखी काय हवं असतं माणसाला?

बाकीच्या पाळ्यांमधले दोघं आले, मोजून गेले. मग मापनवीस बसले. खट खट खट. मॅडम संगणकापाशी आकडे घेत होत्या. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर मॅडमचा आवाज थांबला. आधी त्या "हं" म्हणत होत्या. आता नुसत्या आकडा टाकत होत्या.

शेवटची पीन झाली. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या.

"काका, आपण पुन्हा एकदा घेऊ या का?"

"का?"

"असंच."

"असंच कुणी पुन्हा मोजत नाही. दाखवा मला."

मॅडमनी पडदा वळवला. बाकी दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत होते, आणि ते वस्तादाशीही जुळत होते. मापनवीसांचे जुळत नव्हते. थरथरत्या हाताचे असावेत तसेही ते नव्हते. हात थरथरला असता तर आकडे विखुरले असते, एक वर, एक खाली. हे तर शिस्तीत उतरत होते, जिना उतरावा तसे. पहिल्या फेरीपेक्षा दुसरी बारीक, दुसरीपेक्षा तिसरी बारीक. असं शिस्तीत खाली उतरणारं एकच कारण त्यांना आयुष्यात माहीत होतं, आणि ते त्यांनी कितीतरी माणसांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मायक्रोमीटर अजून हातातच होता. चारही बोटं कमानीभोवती आवळलेली, वरून अंगठा. काळी पट्टी दिसतही नव्हती. ही मूठ कधी वळली हे त्यांना सांगता आलं नसतं. आधी दोन बोटं दाबत होती, मग तीन झाली असतील, मग तळवा आला असेल. आपल्या हाताकडे माणूस बघत नाही. तो पिनेकडे बघतो.

मूठ उघडायला थोडा वेळ लागला. त्यांनी कमान मॅडमपुढे धरली. "हात लावून बघा."

मॅडमनी बोट टेकवलं. "कोमट आहे," त्या हळूच म्हणाल्या. कपाला बाहेरून हात लावला की लागतं, तसं.

"आता ओट्यावर ठेवा. थोड्या वेळाने शून्य बघा."

थोड्या वेळाने शून्य बरोबर होतं.

"बघितलंत? खाली ठेवली की साळसूद," मापनवीस म्हणाले. "म्हणून कुणाला सापडत नव्हतं. तपासणीला जाताना कमान थंड. माझ्याकडे आली की तापते."

 मॅडमना काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, तो काही आईचा हात नाही."

"बायकोचा," मापनवीस म्हणाले. "मूळचं ते बायकोचा आहे. तुम्ही मुलगी म्हणून बदललं होतं." आणि दोघंही हसले, पण ते हसू कुठे ठेवावं हे दोघांनाही कळेना.

मग त्यांनी नियमाप्रमाणे, पट्टीवर, दोन बोटांत कमान धरली. कमान हलायला लागली. पीन तिच्या टोकांवर टिकटिकत राहिली आणि आकडे आता खरोखरच विखुरले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. इथे धरलं तर तापत होतं आणि सोडलं तर थरथरत होतं. मॅडमनी कपाटातून स्टँड काढला. त्यात कमान स्क्रूने घट्ट बसते, हाताने धरावी लागत नाही. पण पीन तर हातानेच धरायची ना. ती टोकांमध्ये सरळ बसायला हवी, हलत्या हातात ती तिरकी बसायची, आणि तिरकी पीन जाड भरते. मॅडमनी स्टँड पुढे घेतला, मागे घेतला, खुर्ची उंच केली, कोपराखाली रबराची पट्टी ठेवली. त्या हट्टाला पेटल्या होत्या. मापनवीस शांतपणे त्या सांगतील तसं करत होते, डॉक्टरसमोर शर्ट वर करून बसलेल्या माणसासारखे.

"नापास लिहा," शेवटी ते म्हणाले.

"काका, असं लगेच..."

"माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी काय लिहायला सांगितलं असतं?"

मॅडमनी बराच वेळ कळीवर बोट नुसतं ठेवलं. मग दाबलं.

मापनवीस स्वेटर न काढताच घासायच्या विभागात गेले. तिथे आवाज इतका, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मशीनवर पांढरं पाणी उडत होतं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या माणसाला ही गोष्ट ओरडून सांगायची होती.

"तुझ्या पिना बरोबर होत्या!"

"काय?"

"बरोबर होत्या!"

"कोण होत्या?"

"पिना! मी चुकलो!"

आजूबाजूच्या मशीनवरची डोकी वळली. वस्तादाने मशीन बंद केलं. एकाएकी शांत झालं, आणि ओरडायची काही गरजच उरली नाही.

"कुठल्या पिना?"

"तिन्ही लॉट. माझ्या हाताने कमान तापत होती."

"मग घे की परत. लाल पेटीतून काढ, पुन्हा मोजू."

"पेटी रिकामी आहे. मागच्या भंगाराच्या गाडीने गेल्या. वितळल्या असतील."

वस्तादाने फडक्याला हात पुसले. एक एक बोट पुसलं. "चांगल्या होत्या रे त्या," तो म्हणाला, गेलेल्या माणसांविषयी बोलावं तसा. "मीच घासल्या होत्या, मला ठाऊक नसणार?" मग वर बघून म्हणाला, "पण तू? तू कमान तापवलीस? तू?"

मापनवीसांनी डावा हात पुढे केला. न दाबलेला, न लपवलेला. वस्ताद त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही सुचलं नाही की तो चेष्टाच करायचा, तशीच आता तोंडून निघून गेली. "हात दाखवून अवलक्षण केलंस की लेका."

म्हणून झाल्यावर त्याचंच तोंड उतरलं. त्याने तो हात धरायला आपला हात उचलला, पण तो तेलाने माखलेला होता आणि समोर स्वेटर स्वच्छ होता. त्याने हात खाली घेतला आणि मशीन चालू केलं.

डॉक्टरांनी मापनवीसांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडला. "वयाची थरथर आहे," डॉक्टर म्हणाले. "जिवाला काही धोका नाही."

"मापाला?" मापनवीसांनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं ते विनोद करताहेत. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात थोडा थांबला, पण डोकं जड झालं आणि आकडे डोळ्यांपुढे तरंगायला लागले. त्यांनी गोळ्या सोडल्या.

साहेब वाईट वागले नाहीत. "तुम्हाला घरी बसवत नाही," म्हणाले. पॅकिंगमध्ये एक खुर्ची दिली. पास झालेल्या पिना तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या. तिथे पत्र्याचं छप्पर होतं, भट्टीसारखं तापायचं. स्वेटर घालायची काही गरज नव्हती, तरी ते तो रोज घेऊन जात आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवत. हातात कागद सळसळायचा. शेजारी गुंडाळणाऱ्या बाई म्हणायच्या, "काका, आमच्या कागदाला आवाज येत नाही, तुमचाच कसा गातो?" त्यांना ठाऊक नव्हतं. मापनवीस म्हणायचे, "गात असेल."

एखादी पीन हातात आली की ते तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत. ती बरोबर होती का? असेल. कुणीतरी तसं म्हटलं होतं. त्यांना आता ते मानून चालावं लागत होतं, बाकी सगळं जग मानून चालतं तसं.

वस्ताद बसमध्ये पुन्हा शेजारी बसायला लागला. पहिल्या दिवशी त्याने सीटवरचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि बसला. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, "तुझ्या जागी यंत्र आलंय. पीन आत टाकली की आपोआप सांगतं. माणूस लागत नाही."

"चांगलंय."

"मी मॅडमना विचारलं, याला तरी निवलेली पीन लागते का? म्हणाल्या, हो, लागते. तुझी पाटी आहे तशीच ठेवलीय दारावर."

मापनवीसांनी मान हलवली. वस्तादाला वाटलं ते ऐकून बरं वाटलं असेल. बरं वाटलं की नाही हे मापनवीसांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ते बोटं मोजत बसावं तसे खिडकीच्या गजावर बोटं ठेवून बसले होते. बसही हलत होती, त्यामुळे काही कळत नव्हतं. बसमध्ये त्यांना बरं वाटायचं ते त्याचमुळे.

बायकोला त्यांनी खोली बदलली एवढंच सांगितलं होतं. "गारवा सोसेनासा झाला," म्हणाले. तिने "बरं झालं" म्हटलं होतं, आणि शिंका थांबल्याचं मात्र मुद्दाम बोलली नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी मेहुणी आली. तिघांचा चहा टेबलावर आला. मेहुणीचा कप काठोकाठ, बायकोचा काठोकाठ, त्यांचा अर्धा. तिन्ही कप शेजारी शेजारी होते म्हणून दिसलं. ज्या माणसाला केसाचा सहावा हिस्सा कमी पडलेला चालत नव्हता, त्याला अर्धा कप कमी झालेला इतके दिवस दिसला नव्हता.  मेहुणी गेल्यावर त्यांनी विचारलं.

"कधीपासून?"

काय कधीपासून, असं तिने विचारलं नाही. "मागच्या थंडीपासून," ती म्हणाली. "बशीत सांडायला लागला होता तुमच्या हातून. आधी बोटभर कमी केला. मग दोन बोटं. एकदम केला असता तर तुम्ही विचारलं असतंत. हळूहळू उतरवत आणला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"मी काय बोलणार? मोजणारे तुम्ही."

त्यांनी कप तिच्याकडे सरकवला. "भर पूर्ण."

"अहो, कशाला?"

"भर म्हणतो ना."

तिने भरला, काठापर्यंत, आणि समोर ठेवला. त्यांनी कपाच्या कानात बोट घातलं. बशीत कप किणकिणायला लागला. थोडा उचलला, पहिला ओघळ बशीत गेला, दुसरा टेबलावर. त्यांनी कप परत ठेवला. दाबून धरला असता तर कदाचित जमलं असतं. पण आता दाबून धरणं म्हणजे काय ते त्यांना माहीत झालं होतं.

"निवू दे जरा," ते म्हणाले.

तिने फडक्याने टेबल पुसलं. फडकं बाजूला ठेवून त्यांचा तो हात उचलला आणि आपल्या मुठीत धरला, चारही बोटं भोवती, वरून अंगठा.

"असं मुठीत धरायचं नसतं," ते म्हणाले.

"का?"

"तापतं."

"तापू दे," ती म्हणाली.

हात तिच्या मुठीतही हलत होता. तिचा हात त्याच्याबरोबर हलत होता, आणि बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. दोघंही त्या आवाजाकडे कान देऊन बसले, कधीतरी थांबेल म्हणून. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

बऱ्याच वेळाने तिने दुसऱ्या हाताने कपाला बोट लावून बघितलं.

"निवला," ती म्हणाली.